दोन मतांचं पाणी

"ताई, पाणी आलं गं, ठेवते!" माझ्या वहिनीचे निम्मे फोन या वाक्याने संपतात. मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव. नळाला पाणी कधी चौथ्या दिवशी, उन्हाळ्यात आठव्या. वेळ ठरलेली नाही. त्यामुळे फोन अमेरिकेतल्या नणंदेचा असो नाहीतर दिल्लीहून पंतप्रधानांचा, पाणी आलं की तो ठेवायचा, हे मलाही मान्य आहे.

मागच्या महिन्यात मात्र फोन ठेवता ठेवता तिने एक प्रश्न टाकला. "तुमचं बरं आहे बाई, चोवीस तास पाणी. कोण देतं गं तुम्हाला? नगरपालिका?"

"आम्हाला नगरपालिकाच नाही," मी म्हटलं.

"अगंबाई! मग ग्रामपंचायत?"

"तीही नाही."

"मग काय आभाळातून पडतं?" असं म्हणून तिने फोन ठेवला, कारण पाणी आलं होतं. वहिनीला तेव्हा द्यायचं राहून गेलेलं उत्तर आज इथे लिहितेय. जरा लांबलचक आहे, पण पाण्याच्या गोष्टी आपल्याला कधी कंटाळवाण्या वाटत नाहीत, नाही का?

मी राहते टेक्सासमध्ये, ह्यूस्टन शहराच्या नैऋत्येला, फोर्ट बेंड काउंटीत. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा म्हणा. एके काळी इथे ऊस, कापूस, भात आणि गाई. आता घरं, घरं आणि घरं. २००० साली या काउंटीची लोकसंख्या साडेतीन लाख होती, २०२० च्या जनगणनेत ती सव्वाआठ लाखांच्या आसपास गेली. वीस वर्षांत दुपटीहून जास्त! त्यात आपले देशी लोक भरपूर. इथल्या वाण्याकडे कढीपत्ता मिळतो, हिरव्या मिरच्या तर निवडून घेता येतात.

आम्ही २०११ साली घर घेतलं तेव्हा आमच्या गल्लीच्या टोकाला गाई चरत होत्या. घराच्या कागदांवर सह्या करायला एका ऑफिसात बसवलं होतं. समोर हा एवढा गठ्ठा! हात दुखेपर्यंत सह्या केल्या. त्यातच एक कागद होता, त्यावर लिहिलं होतं की, तुम्ही घेत असलेलं घर एका पाणी डिस्ट्रिक्टच्या हद्दीत आहे, या डिस्ट्रिक्टला स्वतंत्र कर लावायचा अधिकार आहे, आणि मतदारांनी मंजुरी दिली की कर्जाला आणि कराला वरची मर्यादा नाही. हे मी नंतर वाचलं बरं का. त्या दिवशी नवऱ्याने विचारलं, "हे काय आहे?" समोरची बाई गोड हसून म्हणाली, "ते मड आहे. इकडे सगळ्यांनाच असतं." आणि आम्ही सही केली. पुण्यात फ्लॅट घेताना सातबारापासून सगळं तपासणारे आम्ही, इथे गोड हसण्यावर सही करून मोकळे झालो.

मड म्हणजे इंग्रजीत चिखल. पण हे मड म्हणजे म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट या तीन शब्दांची आद्याक्षरं. इथे डिस्ट्रिक्ट म्हणजे जिल्हा नव्हे हं. एका कामापुरती आखलेली हद्द. आमची चार-पाचशे एकरांची असेल. त्या हद्दीत पाणी द्यायचं, सांडपाणी न्यायचं, पावसाचं पाणी काढून द्यायचं, एवढंच तिचं काम. पण आहे ती सरकारच! छोटंसं, पाच माणसांचं सरकार. कर लावते, कर्ज काढते, निवडणूक घेते. टेक्सासमध्ये अशी नऊशेहून जास्त आहेत, आणि त्यातली बरीचशी आमच्या ह्यूस्टनच्या आसपासच. आमच्या डिस्ट्रिक्टला धड नावही नाही, नंबर आहे. तो मी इथे सांगत नाही, शेजाऱ्यांशी संबंध टिकवायचे आहेत.

आता हे सरकार जन्माला कसं येतं ते ऐका.

समजा शहराच्या हद्दीबाहेर एका बिल्डरने भाताचं शेत विकत घेतलं. तिथे हजार घरं बांधायची आहेत. पण पाणी कुठून आणणार? काउंटी रस्ते बघते, कोर्ट बघते, तुरुंग बघते. नळ देणं हे सहसा तिचं काम नाही. शेजारचं शहर म्हणतं, एवढ्या लांब पाइप टाकायला आमच्याकडे पैसा नाही. मग जमीनमालक अर्ज करतो, आम्हाला आमचं पाणी डिस्ट्रिक्ट करून द्या. अर्ज जातो राजधानीत, ऑस्टिनला, राज्याच्या पर्यावरण आयोगाकडे. नाहीतर थेट विधिमंडळाकडून खास कायदा करून घेतात. जागा शहराच्या प्रभावक्षेत्रात असेल तर शहराची संमती लागते. अर्ज मंजूर झाला की पाच तात्पुरते संचालक नेमले जातात. याला आधार आहे १९१७ सालच्या राज्यघटनेतल्या एका दुरुस्तीचा. १९१३ साली आमच्या ब्राझोस नदीला महापूर आला होता, मागेपुढे दुष्काळही पडले होते. पाण्यासाठी लोकांना एकत्र येऊन कर्ज काढता यावं म्हणून ती दुरुस्ती झाली. मड हा प्रकार त्यातून १९७१ च्या कायद्याने आला.

इथवर सगळं शहाण्यासारखं आहे. पुढची गंमत आता येते. डिस्ट्रिक्ट पक्कं व्हायला आणि कर्जाला मंजुरी मिळायला मतदान लागतं. लोकशाही आहे ना! पण भाताच्या शेतात मतदार कुठून आणायचे? तिथे तर अजून बगळेच आहेत. मग बऱ्याचदा असं होतं की, शेताच्या कोपऱ्यात चाकांवरची एक-दोन घरं आणून ठेवतात. ट्रेलर म्हणतात त्यांना. त्यात दोन-तीन माणसं राहायला येतात, आपला पत्ता तिथला लावतात, मतदार होतात. निवडणुकीच्या दिवशी ही दोन-तीन माणसं मत देतात, आणि पुढे येणाऱ्या हजारो माणसांच्या डोक्यावर कोट्यवधी डॉलरच्या कर्जाची मंजुरी बसते. सगळं कायद्यात बसणारं. टेक्सासच्या वर्तमानपत्रांनी यावर कितीदा तरी लिहिलंय.

आमच्या डिस्ट्रिक्टचा जुना निकाल मी एकदा शोधून काढला. बाजूने दोन, विरोधात शून्य.

सासूबाईंना सांगितलं तर त्यांना काहीच नवल वाटलं नाही. "आमच्याकडे पाटलांच्या वाड्यावर ठरायचं की असंच. फक्त तिथे निदान चहा मिळायचा."

पण बिल्डरच्या बाजूनेही बोललं पाहिजे. विहीर, टाक्या, सांडपाण्याचा प्लँट, पावसाचं पाणी साठवणारे तलाव हे सगळं तो आधी स्वतःच्या पैशाने करतो. घरं उभी राहिली, विकली गेली, की डिस्ट्रिक्ट रोखे काढून त्याचा बराचसा खर्च परत देतं. घरं विकलीच गेली नाहीत तर तो बुडतो. १९८० च्या दशकात तेलाचा भाव कोसळला तेव्हा ह्यूस्टनभोवती असंच झालं. अर्धवट वसलेल्या वस्त्यांत जी थोडी घरं होती त्यांच्यावर कर भरमसाट वाढला, आणि काही डिस्ट्रिक्टांना हप्ते भरणं जमेना. त्यानंतर नियम कडक झाले. आणि एक खरंच की, ही सोय नसती तर आमच्यासारख्यांना शहराबाहेर एवढ्या किमतीत घर मिळालं नसतं. तेव्हा मडला नुसत्याच शिव्या देणाऱ्यांतली मी नाही.

फेडणारे मात्र आपण. नळाचं बिल वेगळं आणि घरपट्टीतला मडचा कर वेगळा. आमचं घर तेव्हा दोन लाख डॉलरचं, मडचा दर शंभर डॉलरला ८५ सेंट. म्हणजे वर्षाला १७०० डॉलर, आजच्या हिशोबाने जवळजवळ दीड लाख रुपये. शाळेचा कर, काउंटीचा कर याच्याशिवाय. इथे राज्याचा आयकर नाही, त्यामुळे सगळा भार घरावरच येतो. पुढे घरं वाढली, कर्ज जास्त डोक्यांवर वाटलं गेलं, तसा दर उतरला हे खरं. पण तोवर घराची किंमत चढली, त्यामुळे बिल होतं तिथेच.

दहा वर्षं आम्ही हे बिल भरत होतो. चोवीस तास पाणी होतं, कोणी कशाला चौकशी करतंय?

मग आला २०२१ चा फेब्रुवारी.

टेक्सासला थंडीची सवय नाही. आमच्याकडे जानेवारीतही लोक अर्ध्या चड्डीत फिरतात. पण त्या आठवड्यात बर्फ पडला आणि तापमान शून्याखाली दहा अंशांच्या आसपास गेलं. रविवारी टीव्हीवर सांगत होते, विजेची मागणी फार वाढली आहे, वीज जाऊ शकते. मी मेणबत्त्या शोधत होते. सासूबाई म्हणाल्या, "मेणबत्त्या राहू देत. वीज जाणार म्हणजे पाणी जाणार. आधी भर."

मी म्हटलं, "आई, इथे पाणी जात नाही."

त्यांनी माझ्याकडे अशी काही नजर टाकली! मग ओढणी खोचली (घरात त्या आता पंजाबी ड्रेस घालतात) आणि भरायला सुरुवात केली. दोन्ही बाथटब, मोठी पातेली, तिन्ही कुकर, इडलीपात्र, पिठाचे रिकामे डबे, फुलदाणीसुद्धा! देशातून आणलेला तांब्याचा हंडा दहा वर्षं दिवाणखान्यात शोभेला होता, तोही त्या दिवशी कामाला लागला. नातवाला हसू आवरेना. "आजी इज अ वॉटर टँक!"

पहाटे वीज गेली. विहिरीचे पंप विजेवर, त्यामुळे दुपारपर्यंत नळ सूं सूं करायला लागला. मग थेंब. मग तेही नाही. पुढचे दोन-तीन दिवस आमच्या गल्लीत ज्या एका घरात भरपूर पाणी होतं, ते आमचं. कोण कोण आलं म्हणून सांगू! पलीकडची व्हिएतनामी आजी पातेलं घेऊन आली. केरळची नर्स रात्रपाळी करून आली ती बाटल्या घेऊन. कोपऱ्यावरचा तो टोपीवाला म्हातारा टेक्सन, जो दहा वर्षांत हात हलवण्यापलीकडे काही बोलला नव्हता, तो बादली घेऊन दारात! सासूबाई प्रत्येकाला मराठीतच बजावत होत्या, "जपून वापरा हं." आणि प्रत्येकाला ते बरोबर कळत होतं. फ्लशसाठी आम्ही अंगणातला बर्फ वितळवला.

बुधवारी नळाला पुन्हा बारीक धार आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण नळातला दाब गेला की बाहेरची घाण आत ओढली जाऊ शकते, म्हणून असं पाणी उकळूनच प्यायचं असतं. तशी सूचना आमच्या डिस्ट्रिक्टने काढलीही होती, वेबसाइटवर! वीज नाही, फोन बंद पडलेले, वेबसाइट बघणार कोण? आमच्या समोर एक तरुण जोडपं राहायचं, त्यांची मुलगी तीन महिन्यांची. तिच्या आईने रात्रभर त्याच पाण्यात पावडरचं दूध कालवून दिलं होतं. सकाळी नर्सने सांगितल्यावर ती जी रडायला लागली... बाळाला काही झालं नाही, देवाची कृपा. पण तिचा तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

त्या दिवशी मी पहिल्यांदा विचारलं की, आपलं पाणी बघतं कोण? कोणालाच माहीत नव्हतं. दहा-बारा वर्षं तिथे राहणाऱ्यांनासुद्धा! आपल्याकडे नगरसेवकाचं नाव, घर, त्याच्या मेव्हण्याचा धंदा, सगळं तोंडपाठ असतं. इथे पाच संचालकांपैकी एकाचंही नाव गल्लीत कोणाला येत नव्हतं.

शोध घेतला तेव्हा कळलं की, दर महिन्याला बैठक होते. सर्वांना खुली. पण भरते कुठे? पस्तीस मैलांवर, ह्यूस्टनच्या भर शहरात, डिस्ट्रिक्टच्या वकिलांच्या ऑफिसात, कामाच्या दिवशी दुपारी बारा वाजता! कारण डिस्ट्रिक्टला स्वतःचं ऑफिस नाही, की नोकरमाणसं नाहीत. वकील, इंजिनिअर, हिशोबनीस, नळ चालवणारी कंपनी, सगळे कंत्राटावर.

मी रजा टाकून गेले. गाडी लावायचेच वीस डॉलर झाले. एकविसाव्या मजल्यावर गुळगुळीत टेबल, टेबलावर सँडविच. मी दारात उभी राहिले तर सगळे एकदम गप्प. तिथली बाई म्हणाली, "आपण कोण?" मी म्हटलं, "मी तिथे राहते." त्यांनी घाईघाईने खुर्ची आणली. बरीच वर्षं म्हणे कोणी आलंच नव्हतं.

खरं सांगते, मी भांडायला गेले होते, पण निम्मी भांडणं तिथेच विरली. पाण्याच्या बिलात सगळ्यात मोठा आकडा कसला, तर प्रादेशिक पाणी प्राधिकरणाच्या फीचा. ती फी का, तर जमीन खचते म्हणून. ह्यूस्टनच्या परिसराने कितीतरी दशकं जमिनीखालून इतकं पाणी उपसलं की, वरची जमीन खाली बसत गेली. बेटाउन गावाजवळ ब्राउनवूड नावाची चांगल्या बंगल्यांची वस्ती होती, ती आठ-दहा फूट खचली. भरतीचं पाणी घरात यायला लागलं. १९८३ च्या वादळानंतर ती कायमची उठवली, आणि आज तिथे पक्षी बघायला जातात. म्हणून १९७५ साली उपशावर लगाम घालायला एक वेगळं डिस्ट्रिक्ट झालं, आमच्या फोर्ट बेंडला १९८९ साली. विहिरीचं पाणी कमी करा, नदी-तलावाचं घ्या, असा नियम. पार पूर्वेच्या लेक ह्यूस्टनमधून पश्चिमेला पाणी आणायचे प्रचंड पाइप त्यासाठीच. तो खर्च त्या फीतून येतो. म्हणजे ज्याच्यावर मी सगळ्यात जास्त चिडले होते, तो आकडा या पाच जणांच्या हातातलाच नव्हता. आणि मनात आलं, आपल्याकडे तर दरवर्षी बोअर आणखी खोल जातेय, त्याचा हिशोब कोण ठेवतंय?

मग मी बाळाच्या दुधाची गोष्ट सांगितली. टेबलाभोवती शांतता झाली. अध्यक्षबुवा म्हणाले, "आम्ही वेबसाइटवर टाकलं होतं." मी म्हटलं, "वीज नव्हती." वकीलसाहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. त्यांनी आभार मानले. पुढच्या महिन्यात काहीच झालं नाही.

तेव्हा मला कायद्यातलं एक कलम सापडलं. सापडलं म्हणजे लेकीने शोधून दिलं. हद्दीत राहणाऱ्या पाच मतदारांनी सह्या करून मागणी केली, तर बैठक डिस्ट्रिक्टमध्ये किंवा जवळपास घ्यायला लावता येते. फक्त पाच!

पाच सह्या म्हणजे काय, म्हटलं अर्ध्या तासाचं काम. अहो, पण मतदार हवेत ना! आमच्या गल्लीत अठरा घरं. निम्मे देशी. कोणी वर्क व्हिसावर, कोणी ग्रीन कार्डवर, कोणाचं पंधरा वर्षं रांगेत अडकलेलं. कर सगळे भरतात, मत एकालाही नाही. मी स्वतः २०१८ साली इथली नागरिक झाले. भारताचा पासपोर्ट परत करताना फार रडले होते, नवरा हसला होता. तेव्हा वाटलं नव्हतं की, त्या सगळ्याचा पहिला उपयोग पाण्याच्या कागदावर सही करायला होईल.

तर पहिली सही माझी. दुसरी व्हिएतनामी आजीची. ती म्हणाली, "मी बोटीतून आले आहे, मला पाण्याची भीती वाटत नाही, वकिलांची वाटत नाही." तिसरी नर्सची. चौथी बाळाच्या आईची, तिचा जन्मच इथला. पाचवी मिळेना. सासूबाई म्हणाल्या, "त्या बादलीवाल्याला विचार की." म्हणजे टोपीवाल्या म्हाताऱ्याला! मला धीर होत नव्हता, त्याच्या ट्रकवरचे स्टिकर मी पाहिले होते. पण सासूबाईंनी डब्यात गरम शंकरपाळे भरून दिले आणि मला ढकललं. त्याने कागद सावकाश वाचला. मग म्हणाला, "मी पन्नास वर्षं सरकारला विरोध करतोय. हे एवढंसं सरकार माझ्या नजरेतून कसं सुटलं?" सही केली. डबा परत द्यायला आला तेव्हा त्यात त्याच्या झाडाचे पेकान होते.

दोन मतांवर उभं राहिलेलं सरकार आम्ही पाच सह्यांनी आमच्या क्लबहाउसात आणलं. संध्याकाळी साडेसहाला. पहिल्या बैठकीला तीसेक माणसं आली, खुर्च्या कमी पडल्या. २०१९ पासून टेक्सासमध्ये कायदाच आहे की, बैठकीच्या विषयांवर लोकांना बोलू दिलंच पाहिजे. लोक बोलले, आणि एकमेकांवरही भरपूर ओरडले! फोनवर मेसेज आणि घरोघर चिठ्ठी, ही मागणी लगेच मंजूर झाली. खर्च फारसा नव्हता. खरा वाद झाला विहिरीवरच्या जनरेटरवरून. २०२१ च्या त्या थंडीनंतर राज्याने कायदा केला की, वीज गेली तरी पाणी कसं चालू ठेवणार याचा आराखडा प्रत्येक पाणी संस्थेने द्यायचा. पण मोठ्या जनरेटरचे पैसे? म्हणजे पुन्हा रोखे, पुन्हा कर. टोपीवाले आजोबा उभे राहून म्हणाले, "आणखी एक डॉलर कर्ज नको." बाळाची आई म्हणाली, "मग पुढच्या वेळी दूध कशात कालवू?" आणि दोघांनी माझ्याकडे पाहिलं! मला दोघांचंही पटत होतं. शेवटी जनरेटर आला, थोडा लहान, आणि कर दोन सेंटांनी वाढला. आजोबा महिनाभर बोलले नाहीत. मग पेकान आले.

निवडणुकीचीही एक गंमत. जेवढ्या जागा तेवढेच उमेदवार असले तर इथे मतदानच रद्द करता येतं, आहेत तेच निवडून आले असं जाहीर होतं. आमच्याकडे वर्षानुवर्षं तसंच चाललं होतं. मे २०२४ मध्ये आमची नर्स उभी राहिली, म्हणून निवडणूक घ्यावी लागली. आम्ही घरोघर फिरलो. दोनशेसुद्धा मतं पडली नाहीत, पण ती निवडून आली. आणि आता गंमत बघा, परवा मी तिला विचारलं, "तलावाकडचा तुटलेला पाइप कधी होणार?" तर म्हणाली, "बजेटमध्ये बघावं लागेल." मी कपाळावर हात मारला. शेवटी हीसुद्धा नगरसेवकच झाली!

वहिनीला हे सगळं सांगितलं. तीही त्यांच्याकडच्या पाणी समितीत होती काही वर्षं, गावात बायकांना निम्म्या जागा देऊन नेमलं होतं तेव्हा. तिने शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "कर्ज फिटलं की मग तरी बिल कमी होईल का गं?" मी म्हटलं, तोवर पाइप जुने होतील आणि बदलायला नवीन कर्ज काढतील. "हां," ती म्हणाली. "म्हणजे आपल्यासारखंच."

गेल्या आठवड्यात संध्याकाळी सासूबाईंना घेऊन फिरायला निघाले होते. आमच्या गल्लीच्या टोकाचं ते गाईंचं रान अजून शिल्लक आहे, म्हणजे होतं. आता तिथे कुंपणाला लाल फिती लावल्यात, आणि मधोमध, गुडघाभर गवतात, पांढरा ट्रेलर उभा आहे. तिथवर ना रस्ता ना पायवाट. एका खिडकीत दिवा लागला होता.

सासूबाई थांबल्या. "एवढ्या रानात कोण गं राहायला आलं?"

मी कुंपणाजवळ जाऊन नीट पाहिलं. दाराबाहेर दोन खुर्च्या मांडल्या होत्या.